पूररेषेतील जागेवर घराची परवानगी: नेमके काय मागावे आणि कोणाकडे?

जुनेघर (धागाकर्ता)

कृष्णेच्या खोऱ्यातील एका नगरपरिषदेच्या हद्दीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि मागे नदीकडे उतरत जाणारे परसू असे त्याचे स्वरूप आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी माळ्याच्या शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत चढले आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्याच्या थोडे खाली थांबले. दोन्ही वर्षांच्या खुणा मधल्या खोलीच्या भिंतीवर तेलरंगाने करून ठेवलेल्या आहेत. आता भिंतींनी धीर सोडला आहे, त्यामुळे घर उतरवून त्याच जागी नवे बांधावे असे भावंडांचे ठरले आहे.

चौकशीला सुरुवात केली तेव्हा लक्षात आले की आमच्या जागेचा मागचा भाग निळ्या पूररेषेच्या आत आणि पुढचा भाग निळी व लाल यांच्या मध्ये पडतो. एका वास्तुविशारदांच्या मते परवानगी मिळायला काहीच अडचण नाही, फक्त जोते उंच घ्यावे लागेल. कार्यालयात मात्र "निळ्या रेषेतले प्रकरण आहे, होणार नाही" एवढेच तोंडी सांगून आम्हाला परत पाठवले गेले. शेजारच्या दोघांनी ट्रकच्या ट्रक मुरूम टाकून जागा उंच केली आणि घरे उभी केली, तीही आमच्या डोळ्यांदेखत.

जाणकारांनी कृपया सांगावे, की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियमाने नेमके काय बांधता येते, निळ्या रेषेत गेलेल्या भागाचे काय होते, जोत्याची उंची कोण ठरवते, आणि ती उंची भराव टाकून गाठावी की खांबांवर. ऐकीव माहिती भरपूर जमली आहे. नियमाचा आधार असलेली माहिती हवी आहे.

ओळंबा

माझी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामांवर झाली आणि पूररेषांच्या मोजणीत काही काळ प्रत्यक्ष सहभाग होता, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

महाराष्ट्रात नदीकाठी आखल्या जाणाऱ्या निळ्या आणि लाल रेषांचा आधार पाटबंधारे विभागाच्या २१ सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकात आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, किंवा नदीपात्राच्या प्रस्थापित वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो जास्त असेल त्याचे पाणी जिथवर पसरते ती निळी रेषा. सरासरी १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा ती लाल रेषा. वरच्या बाजूला धरण असेल तर त्याच्या सांडव्यातून सोडला जाऊ शकणारा संकल्पित विसर्ग आणि धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटाचे पाणी यांचाही विचार तिच्यात केला जातो. नदीच्या काठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषेधक आणि निळीपासून लालपर्यंतचा नियंत्रित, अशी ही विभागणी आहे. आपल्याकडे पुष्कळ लोक, आणि खेदाने म्हणावे लागते की काही कर्मचारीसुद्धा, दोन्ही पट्ट्यांना एकाच मापाने मोजतात आणि "पूररेषेत आहे" एवढ्यावर विषय संपवतात.

बांधकामाचा नियम डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे. बृहन्मुंबई आणि काही मोजके अपवाद सोडले तर ती राज्यभर लागू आहे, म्हणजे आपल्या नगरपरिषदेलाही. तिच्यानुसार काठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. वाहनतळ, ओट्यांची उघडी भाजी मंडई, बाग, हिरवळ, मोकळी जागा, स्मशानभूमी वा दफनभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाण्याच्या किंवा मलनिस्सारणाच्या वाहिन्या, सार्वजनिक स्वच्छतागृह असे वापर चालतात. मात्र याच पट्ट्यात आधीपासून अधिकृत मालमत्ता असेल, तर जलसंपदा विभागाच्या ना-हरकत दाखल्याच्या अधीन राहून, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर तिचा पुनर्विकास करण्यास परवानगी देता येते. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकामाला मुभा आहे, अट तीच: लाल रेषेच्या पातळीच्या वर ०.४५ मीटर.

म्हणजे "होणार नाही" हे उत्तर आपल्या पुढच्या भागाबाबत सरळ चुकीचे आहे, आणि मागच्या भागाबाबत अर्धवट आहे. तेथे सगळे "अधिकृत" या शब्दावर अवलंबून आहे. जुन्या घराची नोंद, मालमत्ता पत्रक, पूर्वीच्या बांधकाम परवानगीचा कागद, जुना नगर भूमापन नकाशा, जे मिळेल ते आताच गोळा करा. घर उतरवण्याच्या आधी त्याचा मोजणीसह नकाशा आणि छायाचित्रे करून ठेवणे फार आवश्यक आहे. घर पडल्यावर ते होते हे सिद्ध करणे अवघड जाते.

भागनकाशा

ओळंबा यांनी नियम नेमका सांगितला आहे. मी परवानगीची प्रकरणे तयार करतो, म्हणून कागदांचा प्रवास सांगतो.

पहिला कागद झोन दाखला (जागा विकास योजनेत कोणत्या विभागात येते ते सांगणारा) आणि विकास योजनेचा भाग नकाशा. त्यावर रेषा दिसतील. परंतु त्या नकाशावर विसंबून पुढे जाऊ नका. नियमावलीतच असे म्हटले आहे, की जलसंपदा विभागाने पूररेषेत बदल केला तर विकास योजनेवरची रेषा आपोआप बदललेली समजावी. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी छापलेल्या नकाशातील रेषा आजची असेलच असे नाही.

दुसरा कागद भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणीची 'क' प्रत, म्हणजे जागेच्या हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, जलसंपदा विभागाच्या संबंधित विभागीय कार्यालयाकडून आपल्या नगर भूमापन क्रमांकासाठी मिळणारा पूररेषा दाखला. अर्जात "आमची जागा पूररेषेत आहे का ते कळवावे" असे लिहिले तर "आहे" किंवा "नाही" एवढेच उत्तर येते आणि ते निरुपयोगी असते. आपल्या जागेच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या काटछेदांवर (नदीला आडव्या मोजलेल्या छेदांवर) निळ्या व लाल रेषेचे तलांक, म्हणजे उंचीचे आकडे, समुद्रसपाटीपासून किती मीटर आहेत, ते काटछेद कोणत्या साखळीवर (नदीच्या लांबीवर मोजलेल्या अंतरावर) आहेत आणि तलांकासाठी कोणता बेंचमार्क (उंची ठाऊक असलेली पक्की खूण) धरला आहे, हे मागा. नकाशावर दोन मिलिमीटर जाडीची रेषा प्रत्यक्षात आपल्या अंगणाची अर्धी रुंदी खाऊन टाकते. तलांक तसा फसवत नाही.

हे हाती आले की वास्तुविशारदांमार्फत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज करायचा. परवानगी कलम ४५ खाली मिळते किंवा नाकारली जाते. नाकारली तर ती कारणांसह लेखी हवी, कारण कलम ४७ खालचे अपील लेखी निर्णयावरच करता येते. तोंडी नकारावर कुठेही दाद मागता येत नाही, हे धागाकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. अर्ज दाखल करून पोच घ्या, बाकीचे पुढे.

एक गैरसमज येथेच दूर करतो. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळालीच असे मानता येते, अशी तरतूद कलम ४५ मध्ये आहे. परंतु ती प्रस्ताव सर्व नियमांशी काटेकोरपणे जुळत असेल तरच. पूररेषेची उंची न पाळलेला नकाशा साठ दिवस पडून राहिला म्हणून अधिकृत होत नाही.

तिठा

सगळे कागदावर छान आहे. माझ्या गावात रेषेच्या आत निम्मी पेठ आहे. कोणी तलांक मागितला नाही, कोणी दिला नाही, आणि मुरुमाचे ट्रक रोज जातात. पाच फूट भराव टाकला की पाणी लागत नाही, हे आम्ही २०२१ मध्ये पाहिले आहे. खांबांवर घर म्हणजे खर्च वाढवायचा आणि म्हाताऱ्या माणसांना जिने चढायला लावायचे. भरावावर बांधा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळंबा

तिठा, आपल्या भरावाला पाणी लागले नाही हे खरे असेल, पण ते पाणी गेले कोठे? पूर म्हणजे ठरावीक घनफळाचे पाणी ठरावीक वेळात पुढे सरकत असते. पात्राबाहेरची सखल जमीन त्यातला काही भाग साठवून धरते आणि काही भाग वाहून नेते. एखाद्या १० गुंठ्यांच्या जागेवर दीड मीटर भराव टाकला तर सुमारे १,५०० घनमीटर, म्हणजे पंधरा लाख लिटर पाण्याची जागा आपण काढून घेतली. एका माणसाने केले तर नदीला जाणवत नाही. पेठेतल्या प्रत्येकाने केले, त्यात रस्त्याचा बांध आणि पुलाचे जोडरस्ते उंच केले, तर काटछेद आवळला जातो आणि वरच्या अंगाला पाण्याची फूग, म्हणजे तुंबून चढलेली पातळी, वाढते. मग पुढच्या मोजणीत लाल रेषेचा तलांक वर जातो आणि आपलाच भराव अपुरा ठरतो.

२०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली होती. तिचा अहवाल २०२० मध्ये सादर झाला. अतिवृष्टी आणि धरणांचे विसर्ग यांच्याबरोबरच नदीच्या पूरक्षेत्रातील अतिक्रमणे हा त्या चर्चेचा ठळक भाग होता. दर पुरानंतर धरणांच्या दरवाजांवर रागावणे आपल्याला सोपे जाते. स्वतःच्या अंगणातल्या मुरुमाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

भरावाची दुसरी बाजू निव्वळ बांधकामाची आहे. नदीकाठच्या काळ्या मातीवर घाईने टाकलेला आणि थर देऊन न दाबलेला मुरूम पुराच्या पाण्यात आठवडाभर भिजला की खचतो. पाणी ओसरताना भरावाच्या आत कोंडलेले पाणी बाहेर ढकलते आणि कडेची संरक्षक भिंत फुगते किंवा ढासळते. भरावावर पाया ठेवलेल्या घरांना पूर आल्यावर नव्हे, तर पूर गेल्यावर तडे गेलेले मी पाहिले आहेत. पाया भरावाखालच्या मूळ कठीण थरापर्यंत न्यावाच लागतो. आणि पाया खाली गेलाच आहे तर खांब मोकळे ठेवून त्यांच्यामधून पाणी जाऊ द्यायला हरकत कोणती?

जिन्याचा मुद्दा मात्र मान्य आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यासाठी रॅम्पची जागा नकाशात आधीच धरावी लागते. नंतर ती मिळत नाही.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा तळमजला पूर्ण पाण्याखाली होता, म्हणून मी पुराला कमी लेखतो असा आरोप कोणी करू नये.

परंतु नियमांच्या चर्चेत एक बाब नेहमी सुटते. शहर शेकडो वर्षे नदीकाठी आहे आणि रेषा अलीकडे आल्या. आमच्याकडे पूररेषा जाहीर झाल्या तेव्हा बाजारपेठेसह शहराचा फार मोठा भाग त्यांच्यात गेला आणि लोकांनी कडाडून विरोध केला, तो काही बेकायदा इमले वाचवण्यासाठी नव्हता. ज्यांची घरे अधिकृत आहेत, घरपट्टी पिढ्यानपिढ्या भरली जाते, त्यांनाही दुरुस्तीची परवानगी मागताना तिष्ठत राहावे लागले. मोडकळीला आलेल्या घरात राहणारा माणूस परवानगीअभावी त्याच घरात राहतो आणि पुढच्या पुरात ते घर त्याच्या अंगावर पडते. कडक नियमाचा हा परिणाम कोणत्या परिपत्रकात लिहिलेला आहे?

गाळ काढला, पात्र मोकळे केले, तर रेषा मागे सरकू शकते; मग आधी तेच का करू नये, असेही येथे अनेक जण विचारतात.

भागनकाशा

वाशिष्ठीकाठ, आपला पहिला मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि म्हणूनच अधिकृत मालमत्तांच्या पुनर्विकासाचा परंतुक (नियमातली अपवादाची तरतूद) महत्त्वाचा आहे. तो नियमावलीत असूनही फार कमी ठिकाणी वापरला जातो, कारण अर्जदाराला तो माहीत नसतो आणि टेबलापलीकडच्या माणसाला जबाबदारी नको असते. अर्जात त्या परंतुकाचा स्पष्ट उल्लेख करावा. त्यामुळे नकार द्यायचा झाला तरी परंतुक का लागू होत नाही याचे कारण लिहावे लागते.

आणखी एक तरतूद अशीच दुर्लक्षित आहे. जागा विकसनयोग्य विभागात असेल आणि तिचा काही भाग काठ व निळी रेषा यांच्या मध्ये पडत असेल, तर त्या भागाचा चटई क्षेत्र निर्देशांक (जागेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते तो आकडा) उरलेल्या भागावर वापरता येतो. धागाकर्त्यांचा मागचा भाग निळ्या रेषेत आहे म्हणून त्याचे मोल शून्य झाले असे नाही. मागे बाग ठेवा आणि पुढे उंचीवर एखादा मजला वाढवा. पुनर्विकासाच्या ना-हरकतीची वाट न पाहता निघणारा हा मार्ग आहे. मी आपल्या जागी असतो तर हाच प्रस्ताव आधी तयार करून पाहिला असता.

गाळाबद्दल ओळंबा अधिक सांगतील. कागदापुरते बोलायचे तर जोवर विभाग नवी मोजणी करून सुधारित तलांक प्रसिद्ध करत नाही, तोवर जुनाच तलांक लागू राहतो. "गाळ काढला आहे" हे परवानगीच्या अर्जातले कारण होऊ शकत नाही.

ओळंबा

गाळ काढल्याने लहान आणि मध्यम पूर नक्कीच लवकर निचरतात. शंभर वर्षांच्या पुरात मात्र पाण्याचा मोठा हिस्सा पात्राबाहेरून वाहत असतो, त्यामुळे लाल रेषेवर त्याचा परिणाम मर्यादित राहतो. शिवाय गाळ दर वर्षी पुन्हा येतो, रेषा मात्र पन्नास-साठ वर्षे टिकणाऱ्या घरासाठी असते.

सदनिका

"शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांवर मी अडखळतो. २००५ मध्ये पूर आला, २०१९ मध्ये आला, २०२१ मध्ये आला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट धोक्याची, आणि तेथे त्या वर्षी ५७ फुटांपर्यंत चढले. मग ही शंभर वर्षे कोणत्या पंचांगातली?

ओळंबा

पंचांगाचा संबंध नाही, संभाव्यतेचा आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे ज्या पातळीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक आहे, असा पूर. यंदा आला म्हणून पुढची ९९ वर्षे सुटका होत नाही. तीस वर्षांचे गृहकर्ज घेतले तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, आणि २५ वर्षांच्या, म्हणजे निळ्या रेषेच्या पुरासाठी तीच शक्यता ७० टक्क्यांच्या थोडी वर जाते. निळ्या रेषेत नवे घर नको असे नियम का म्हणतो, ते या एका आकड्यात आहे. शिवाय हे हिशेब जुन्या नोंदींवर केलेले असतात. पावसाची तऱ्हा बदलली तर आकडेही बदलतील.

आपण दिलेल्या फुटांच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी. बंधाऱ्यावरचे किंवा पुलावरचे फूट हे त्या जागी बसवलेल्या पट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात. पूररेषा दाखल्यातले मीटर समुद्रसपाटीपासूनचे असतात. दोन्हींची थेट वजाबाकी करून जोते ठरवणारे महाभाग आहेत, म्हणून सांगितले.

जुनेघर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या भागावर घर आणि मागे मोकळी जागा हा पर्याय घरात सर्वांना पसंत पडला आहे. दोन शंका उरतात. दाखल्यातले तलांक मिळाले की त्यांवरून आमच्या जागेची उंची प्रत्यक्षात कशी काढायची? आणि भिंतीवरच्या दोन खुणांचा यात काही उपयोग होईल का?

ओळंबा

उपयोग होईल आणि भरपूर होईल. भिंत पाडण्याच्या आधी ते काम उरकून घ्या.

समजा, दाखल्यानुसार आपल्या वरच्या काटछेदावर लाल रेषेचा तलांक ५४२.६० मीटर आणि त्याखाली ५०० मीटरवरच्या काटछेदावर ५४२.४० मीटर आहे. आपली जागा वरच्या काटछेदापासून २०० मीटर खाली असेल तर प्रमाणाने ८ सेंटिमीटर उतार वजा करून ५४२.५२ मीटर हा आपल्या जागेचा लाल तलांक धरता येईल. त्यात ०.४५ मिळवले की ५४२.९७ झाले. आता सर्वेक्षकाला लेव्हल मशीनसह बोलवा आणि दाखल्यात ज्या बेंचमार्कचा उल्लेख आहे तेथूनच तलांक आपल्या जागेपर्यंत आणायला सांगा. जवळच्या रस्त्यावर कोणीतरी रंगवलेला बाण म्हणजे बेंचमार्क नव्हे. जमिनीचा तलांक ५४०.७० निघाला तर राहत्या मजल्याची पातळी जमिनीपासून २.२७ मीटर वर ठेवावी लागेल. त्यातून स्लॅब आणि तुळईची जाडी गेली की खाली पावणेदोन मीटरच्या आसपास मोकळी उंची उरते, जी गाडीलाही अपुरी आणि माणसालाही. त्यामुळे बहुतेक जण मजला आणखी वर नेतात आणि खालचा भाग सरळ वाहनतळ म्हणून दाखवतात. तो वाहनतळच राहिला पाहिजे. वर्षभराने त्याला शटर लावून दुकान केले तर सगळ्या खटाटोपावर पाणी पडले असे समजावे.

मशीन जागेवर आहेच, तर भिंतीवरच्या दोन्ही खुणांचे तलांकही त्याच वेळी घ्या. खुणेचा तलांक दाखल्यातल्या लाल तलांकापेक्षा खाली आला तर ठीक. वर आला तर प्रथम बेंचमार्क एकच आहे ना हे तपासा, आणि तो एकच असेल तर दाखल्यातला आकडा विसरून भिंतीचा आकडा धरा. ०.४५ मीटर ही नियमाने मागितलेली किमान उंची आहे. तिच्यापेक्षा जास्त घ्यायला कोणाची मनाई नाही. फक्त इमारतीच्या एकूण उंचीचा हिशेब वास्तुविशारदांनी सांभाळावा.

भागनकाशा

यात भर म्हणून: परवानगीच्या नकाशावर जोत्याची उंची "जमिनीपासून इतके मीटर" अशी दाखवू नका, राहत्या मजल्याचा समुद्रसपाटीपासूनचा तलांक लिहायला सांगा. जमीन भराव टाकून बदलता येते, त्यामुळे जमिनीपासूनच्या उंचीला पुढे अर्थ उरत नाही. जोते पूर्ण झाल्यावर तपासणीसाठी कळवायचे असते. त्या वेळी सर्वेक्षकाची तलांकाची नोंद सोबत जोडा. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी कोणी शंका काढली तर हाच कागद आपल्या बाजूने बोलेल.

उंचीच्या खालच्या भागात काय ठेवायचे नाही तेही नकाशातच ठरते. वीज मीटर, मुख्य फलक, पाण्याचा पंप आणि लिफ्ट असेल तर तिची यंत्रणा वर हवी. जमिनीखालची पाण्याची टाकी टाळता आली तर उत्तम; नाहीतर तिचे तोंड आणि हवेची नळी लाल तलांकाच्या वर न्यावी, कारण पुरानंतर सर्वाधिक दिवस जातात ते ती टाकी स्वच्छ करण्यात. मैल्याच्या वाहिनीला उलट प्रवाह रोखणारी झडप बसवावी. पूर अंगणात येण्याच्या आधी तो न्हाणीघराच्या जाळीतून वर येतो, याचा अनुभव अनेकांना असेल.

सदनिका

मी जागा बांधणारा नाही, विकत घेणारा आहे. माझ्यासारख्यांसाठी दोन ओळी लिहाल का? खरेदीखत नोंदणीकृत आहे, बँक कर्ज देते आहे, वीजजोडणी आहे, घरपट्टीची पावती आहे. एवढे पुरेसे नाही का?

भागनकाशा

नाही. यांपैकी एकही कागद बांधकाम परवानगी नाही. नोंदणी कार्यालय हस्तांतराची नोंद करते, बांधकामाची वैधता तपासत नाही. आणि करआकारणी झाली म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये महानगरपालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. त्या घरांत लोक राहत होते, त्यांनी पैसे मोजून ती घेतली होती. मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या तिन्हींच्या प्रती मागा, त्या महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नोंदीशी स्वतः जाऊन पडताळा, आणि मंजूर नकाशावर पूररेषा दाखवलेली आहे का ते पाहा. नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या जागेच्या नकाशावर पूररेषा दिसतच नसेल, तर तेच कारण विचारायला पुरेसे आहे.

वाशिष्ठीकाठ

आणि ओढ्यांचे काय? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने जे केले त्यात मुख्य नदीच्या पूररेषेचा काही संबंध नव्हता. आमच्याकडेही वाशिष्ठीइतकीच शिव नदी त्रास देते.

ओळंबा

अगदी योग्य. मोठ्या नद्यांच्या शहरालगतच्या टप्प्यांवर रेषा आहेत. लहान ओढ्या-नाल्यांवर अनेक ठिकाणी त्या आखलेल्याच नाहीत. नकाशावर रेषा नाही याचा अर्थ फक्त मोजणी झालेली नाही असा घ्यावा. ओढ्यांचा पूर तासा-दोन तासांत चढतो आणि पाण्याला वेग फार असतो, त्यामुळे तेथे उंचीइतकाच पायाखालची माती वाहून जाण्याचा धोका पाहावा लागतो. जुना गावनकाशा काढून ओढ्याची मूळ रुंदी किती होती ते पाहा आणि आज पूल किंवा नळ्यांतून किती उरली आहे त्याच्याशी ताडून पाहा. नाल्यापासून सोडायचे अंतर नियमावलीत वेगळे दिलेले आहे, ते पूररेषा नसली तरी लागू होते.

तिठा

भरावाबाबत माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही, पण तलांकाचा दाखला मी पुढच्या आठवड्यात मागणार आहे. आमच्या भरावाची उंची लाल तलांकाच्या खाली निघाली तर येथे येऊन सांगेन. कुंपणाच्या भिंतीचे काय? ती बांधायलाही हेच लागते का? आमच्याकडे सर्वांच्या सहा-सहा फूट विटांच्या भिंती आहेत.

भागनकाशा

कुंपणासाठीही प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणेच जावे लागते. नियंत्रित पट्ट्यात भरीव भिंतीऐवजी खाली एक-दोन विटांचे थर आणि वर जाळी किंवा लोखंडी गज असे कुंपण नकाशात दाखवा. सहा फुटांची भरीव भिंत नदीच्या प्रवाहाला आडवी असेल तर ती पाणी अडवते, एका बाजूला पातळी वाढवते आणि शेवटी कोसळून शेजाऱ्याच्या अंगणात जाते. दाखला मागताना अर्जासोबत मोजणीची प्रत आणि मालमत्ता पत्रक जोडा, अर्जाची एक प्रत नगरपरिषदेच्या नगररचना शाखेत आवक क्रमांक घेऊन द्या, आणि उत्तर आले की त्यातला बेंचमार्कचा उल्लेख आधी पाहा. तो नसेल तर दाखला दुरुस्तीसाठी त्याच दिवशी परत द्या.